लघवीची नळी पुन्हा पुन्हा बंद पडते, पुन्हा पुन्हा ताप येतो: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

गेली बरीच वर्षं मी घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या लघवीच्या नळ्या बदलते. रात्री-अपरात्री येणारे बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "सिस्टर, पिशवीत लघवीच येत नाहीये." नळी बदलली की सगळं सुरळीत होतं आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच घरून तोच फोन येतो. एखाद्याच वेळी बंद पडलेली नळी बदलली की प्रश्न संपतो. वारंवार बंद पडणाऱ्या नळीमागे मात्र काहीतरी कारण असतं आणि नीट पाहिलं तर ते बहुतेक वेळा सापडतं. हे लिखाण त्या शोधासाठी आहे.

नळी म्हणजे इथे फोली कॅथेटर, आत पाण्याचा छोटा फुगा असलेला आणि मूत्राशयात आठवडेच्या आठवडे राहणारा. दिवसातून काही वेळा घालून लगेच काढायच्या नळीचे प्रश्न वेगळे असतात, ते इथे घेत नाही.

लक्षणं: आधी नीट ओळखा

नळी तुंबल्याची लक्षणं अशी. पाणी नेहमीसारखं प्यायलं जातंय, पण दोन-तीन तासांत पिशवीत काहीच भर पडलेली नाही. ओटीपोट ताणलेलं, हात लावला की दुखतं. नळीच्या कडेने लघवी गळून कपडे ओले होतात. बोलू न शकणारा रुग्ण उगाच तळमळतो, हातपाय झाडतो, नळी ओढू पाहतो. कधी पारदर्शक नळीत बारीक वाळूसारखे कण दिसतात आणि अमोनियाचा झोंबणारा वास येतो.

जंतुसंसर्ग अंगात भिनल्याची लक्षणं वेगळी. थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली एका बाजूला दुखणं, ओटीपोटात नवी कळ, लघवीत रक्त, अचानक ग्लानी. मणक्याच्या दुखापतीने पाय लुळे पडलेल्या रुग्णात ताप येण्याआधी पायांचा ताठरपणा वाढलेला मी अनेकदा पाहिलाय.

तिसऱ्या गटातल्या गोष्टी घाबरवतात, पण त्यांना आजार म्हणता येत नाही. लघवी गढूळ आहे, वास येतोय, पांढरे तंतू तरंगतायत, रिपोर्टमध्ये पू-पेशी आणि जंतू भरपूर आलेत, पण रुग्णाला ताप नाही, दुखत नाही, जेवण-झोप नेहमीसारखी आहे. यातली कुठलीही गोष्ट एकटी असेल तर तो संसर्ग धरत नाहीत. असं का, ते पुढे येईल. सबंध लेखात माझा जीव सगळ्यात जास्त ह्याच मुद्द्यात अडकलेला आहे.

पिशवी जांभळी झाली म्हणून तर लोक रडत फोन करतात. हे १९७८ पासून वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून आतड्यात तयार झालेला एक पदार्थ लघवीत उतरतो, नळीतले काही जंतू त्याचे तुकडे करतात आणि त्यातून निळा व लाल असे दोन रंग बनतात. दोन्ही मिळून प्लास्टिक जांभळं दिसतं. बद्धकोष्ठ असलेल्या रुग्णात हे जास्त दिसतं. पिशवी बदला, पोट साफ होतंय का पाहा, पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यासाठी रात्री धावपळ करायची गरज नाही.

इथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा

पुढच्यापैकी काहीही असेल तर खालच्या तपासण्यांत वेळ घालवू नका. थंडी वाजून ताप आणि सोबत ग्लानी, वेगाने चालणारा श्वास किंवा कमी झालेला रक्तदाब. नळीतून ताजं लाल रक्त किंवा रक्ताच्या गाठी. लघवी बंद आणि ओटीपोट टणक, आणि नळी बदलणारी अनुभवी व्यक्ती तासाभरात पोहोचू शकत नाही. नळी अर्धवट बाहेर आलेली आहे किंवा फुगा फुगलेला असतानाच ओढली गेली आहे.

छातीच्या मध्यापासून किंवा त्याहून वर मणक्याला इजा झालेला रुग्ण असेल तर आणखी एक धोका आहे, तो घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायलाच हवा. नळी तुंबली की अशा रुग्णाचा रक्तदाब काही मिनिटांत भयंकर चढू शकतो. डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा-मान लाल होते, वरच्या अंगाला घाम फुटतो. मूत्राशय भरल्याची जाणीव त्याला होत नाही, म्हणून तो पोटात दुखतंय असं म्हणणारही नाही. त्याला ताबडतोब उठवून बसवा, पाय खाली सोडा, अंगावरचं घट्ट असेल ते सैल करा, नळी कुठे पिळली आहे का पाहा आणि सुटका झाली नाही तर तत्काळ वैद्यकीय मदत बोलवा. ह्यात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून "थोडं थांबून बघू" इथे चालत नाही.

नळीच्या आत नेमकं होतं काय

पाण्याच्या टाकीच्या भिंतीवरून बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं ना, तसाच थर नळीवर बसतो. नळी आत गेली की काही वेळातच लघवीतली प्रथिनं तिच्या पृष्ठभागावर बसतात. जंतूंना चिकटायला त्याचा आधार मिळतो. चिकटलेले जंतू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्याच्या आत वस्ती करून वाढतात. ह्या वस्तीलाच बायोफिल्म म्हणतात.

जंतू दोन वाटांनी येतात. एक, नळीच्या बाहेरच्या बाजूने त्वचेवरून आत सरकत. दुसरी, नळीच्या पोकळीतून, म्हणजे पिशवीचा जोड उघडला की किंवा तोटीला घाणेरडा हात लागला की. नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दररोज ३ ते ७ टक्के धरतात. महिनाभरात जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतातच, तुम्ही कितीही स्वच्छता पाळा. म्हणून काळजी घेणाऱ्या सुनेला, मुलाला, बायकोला मी पहिल्यांदा हेच सांगते की रिपोर्टमध्ये जंतू आले म्हणजे तुमची सेवा कमी पडली असं नाही.

आता औषधाचं. आवरणात बसलेल्या जंतूंपर्यंत अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही, आणि खोलवरचे जंतू इतके मंद झालेले असतात की वाढणाऱ्या जंतूंना मारणारं औषध त्यांच्यावर चालत नाही. मोकळ्या लघवीत पोहणाऱ्या जंतूला मारायला जेवढी मात्रा लागते त्याच्या शेकडो पट, कधी हजार पट मात्रा थरातल्या जंतूला लागते. एवढी मात्रा माणसाला देताच येत नाही. त्यामुळे गोळ्या सुरू असेपर्यंत लघवी स्वच्छ दिसते आणि बंद केल्या की थरातून जंतू पुन्हा बाहेर पडतात. आता जे उरलेले असतात ते त्या गोळीला पुरून उरणारे.

तुंबण्याच्या गोष्टीत मुख्य नाव प्रोटियस मिराबिलिस ह्या जंतूचं. त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते लघवीतल्या युरियाचे तुकडे करून अमोनिया तयार करतं. अमोनियामुळे लघवी क्षारधर्मी होते, तिचा सामू (पीएच) एरवी ६ च्या आसपास असतो तो ८ च्या वर जाऊ शकतो. तसं झालं की लघवीत विरघळलेले मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि फॉस्फेट स्फटिक होऊन थरात अडकतात. बुळबुळीत थराचा हळूहळू चुनखडीसारखा दगड होतो. सुरुवात होते ती नळीच्या टोकाजवळच्या डोळ्यापाशी, म्हणजे जिथून लघवी आत शिरते त्या छोट्या भोकापाशी, आणि फुग्याच्या आसपास. तीच सगळ्यात अरुंद जागा, म्हणून तुंबतंही तिथेच. हाच जंतू नळीच्या पृष्ठभागावरून झुंडीने सरकतो, त्यामुळे एकदा शिरला की टिकून राहतो.

आता तपासण्या. क्रम फुकटातल्या आणि सोप्या गोष्टीपासून अवघडाकडे असा आहे, तो मोडू नका. रुग्णाला मोठ्या तपासण्यांना नेल्यावर कारण उशीखाली दबलेली नळी निघालं, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

१. नळीचा रस्ता आणि पिशवीची जागा

मांडीपासून पिशवीपर्यंत बोट फिरवत जा. मांडीखाली दबलीय का, कुशीवर वळवताना पिळली गेली का, पलंगाच्या दांड्यात अडकलीय का. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी, कारण लघवी उताराने वाहते आणि पिशवी वर गेली तर पिशवीतली जंतूंनी भरलेली लघवी परत आत जाते. खाट ते खुर्ची असं उचलताना पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवायची सवय असते, ती मोडा. पिशवी जमिनीलाही टेकू नये. अर्धी ते दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. तुडुंब पिशवी नळीला ओढते आणि वाहणं मंदावतं.

नळी मांडीला किंवा पोटाला पट्टीने नीट बांधलेली आहे का तेही पाहा. सैल नळी प्रत्येक हालचालीला आत-बाहेर सरकते, मूत्रमार्ग सोलवटतो आणि बाहेरचे जंतू तिच्यासोबत आत जातात. खूप दिवस नळी असलेल्या पुरुषात ओढ बसून शिश्नाची त्वचा चिरत गेलेली पाहिली की मन विटतं. नीट बांधलेल्या पट्टीने हे टळतं.

रुग्णाला कुशीवर वळवून, शक्य असेल तर बसवून पाहा. कधी नळीचा डोळा मूत्राशयाच्या भिंतीला चिकटलेला असतो आणि नुसत्या कूस बदलण्याने धार सुरू होते.

२. पोट साफ आहे का

हे कारण सगळ्यात जास्त वेळा निसटतं. मलाशयात घट्ट शौच साठली की ती पुढच्या मूत्रमार्गावर आणि नळीवर दाबते. लघवी येत नाही, कडेने गळते, मूत्राशयाला कळा येतात, आणि नळी दोनदा बदलूनही फरक पडत नाही. शेवटची शौच कधी झाली हा माझा फोनवरचा दुसरा प्रश्न असतो. चार दिवस झालेत असं उत्तर आलं तर आधी त्यावर उपाय. एनिमा द्यायचा की औषध, हे डॉक्टरांना विचारून. मणक्याची दुखापत असलेल्या रुग्णात घरच्या घरी बोटाने शौच काढू नका, त्यानेही रक्तदाब उसळू शकतो.

३. पाणी किती जातंय

पिशवीतला रंग पाहा. गडद पिवळी, दाट लघवी म्हणजे त्यात स्फटिक होणारे क्षार जास्त. फिकट लघवीत ते विरळ राहतात आणि वाहत्या धारेने गाळही पुढे जातो. पाणी दिवसभर थोडं थोडं द्या. संध्याकाळी एकदम तांब्याभर पाजून रात्रीच्या बारा तासांचं भागत नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला आकडा ओलांडू नका.

लिंबाच्या रसात सायट्रेट असतं. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतं, त्यामुळे लघवी बरीच जास्त क्षारधर्मी होईपर्यंत स्फटिक धरत नाहीत. भरपूर पाणी आणि त्यात लिंबू ही जोडी नळी बंद पडायला उशीर लावते, हे अभ्यासांतही दिसलंय आणि माझ्या रुग्णांतही. उलट, लघवी आम्लधर्मी करायला क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. प्रोटियस सतत अमोनिया बनवत असतो, गोळीचं आम्ल त्यापुढे टिकत नाही.

४. हात, जोड आणि तोटी

नळी आणि पिशवीचा जोड जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा जंतूंना दार उघडून देता. १९६० च्या दशकात बंद पद्धत रूढ होण्याआधी लघवी उघड्या भांड्यात सोडली जायची, तेव्हा चार दिवसांत जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडत. म्हणून पिशवी खालच्या तोटीनेच रिकामी करा. हात आधी आणि नंतर साबणाने धुवा, तोटी भांड्याला टेकू देऊ नका. एकाच घरात नळीचे दोन रुग्ण असतील तर भांडी वेगळी.

रोज साबण-पाण्याने नळीभोवतीची जागा धुणं पुरेसं आहे. बाईत पुढून मागे पुसायचं. पुरुषात पुढची कातडी मागे घेऊन धुवायचं आणि धुतल्यावर ती पुन्हा पुढे आणायचीच, मागे राहिली तर सूज येऊन अडकते. जंतुनाशक द्राव, अँटिबायोटिक मलम, पावडर यांची गरज नाही. त्यांनी त्वचा चुरचुरते आणि हट्टी जंतू मागे राहतात.

एका घरी मुलगा रोज संध्याकाळी सिरिंजने नळी धुवायचा, कुणीतरी सांगितलं म्हणून, आणि अतिशय मन लावून धुवायचा. दर तीन आठवड्यांनी वडिलांना ताप. रोजचं धुणं बंद केल्यावर तापाचं येणं कमी झालं. जोड रोज उघडल्याने बाहेरचे जंतू आत जातात, आणि धुतल्याने थर सुटत नाही. तुंबलेल्या नळीत जोराने पाणी मारणं तर मुळीच नको. मूत्राशयाला इजा होते आणि जंतू मूत्रपिंडाकडे ढकलले जाऊ शकतात.

५. वही, आणि काढलेली नळी

माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सगळ्यात मोलाची, आणि खर्च शून्य. एका वहीत प्रत्येक वेळी लिहा: नळी कोणत्या तारखेला घातली, कोणत्या तारखेला बदलली, का बदलली (ठरल्याप्रमाणे, तुंबली म्हणून, गळते म्हणून, ताप म्हणून), कोणत्या आकाराची आणि कशाची होती. तीन नोंदी झाल्या की रुग्णाचा स्वतःचा ठेका दिसू लागतो. कुणाची नळी तिसऱ्या आठवड्यात बंद पडते, कुणाची दहा आठवडे चालते.

काढलेली नळी लगेच फेकू नका. हातमोजे घालून टोकाकडचा भाग दोन बोटांत हलकेच फिरवा. आत करकर लागते का? डोळ्यात पांढरा-करडा खडबडीत थर दिसतो का? करकर लागली तर क्षार साठल्यानेच तुंबतंय, आणि पुढच्या वेळी ते होण्याच्या आधीच बदलायचं. चौथ्या आठवड्यात तुंबते तर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बदला. पाकिटावर "१२ आठवडे" छापलेलं असलं तरी तो कमाल काळ आहे, तुमच्या रुग्णाला तो लागू होईलच असं नाही. ठरलेल्या दिवशी दुपारी शांतपणे बदललेली नळी आणि रात्री दोन वाजता तळमळणाऱ्या माणसाची बदललेली नळी यांत रुग्णाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो. आत करकर नाही, नळी स्वच्छ आहे आणि तरी लघवी येत नव्हती, तर वरच्या पहिल्या दोन मुद्द्यांकडे परत जा. रक्ताची गाठ किंवा चिकट स्राव दिसला तर ते डॉक्टरांना सांगायचं.

सामू मोजायच्या कागदी पट्ट्याही मदतीला येतात. नळीवरच्या नमुन्याच्या जागेतून घेतलेल्या ताज्या लघवीचा सामू आठवड्यातून एक-दोनदा पाहून वहीत लिहा. तो सतत ७ च्या वर राहत असेल तर युरिएजवाल्या जंतूची शंका घ्यावी. पू-पेशी आणि नायट्राइट दाखवणाऱ्या पट्ट्यांवर मात्र नळीच्या रुग्णात निर्णय घेऊ नका. त्या जवळपास नेहमीच रंग बदलतात.

६. नळीचा प्रकार आणि आकार

इथून पुढचं नर्स किंवा डॉक्टरांसोबत. बाहेरून सारख्या जाडीच्या दोन नळ्यांत पूर्ण सिलिकॉनची नळी आतून जास्त मोकळी असते, म्हणून क्षार साठून बंद पडायला तिला वेळ लागतो. टेफ्लॉनचा लेप असलेली लॅटेक्सची नळी साधारण चार आठवड्यांपर्यंतच ठेवायची असते, लेप नसलेली त्याहूनही कमी. सिलिकॉनच्या फुग्यातून पाणी हळूहळू झिरपून कमी होतं हेही लक्षात असू द्या, नळी सरकून बाहेर येण्यामागे ते असू शकतं. फुगा निर्जंतुक पाण्यानेच भरायचा. मिठाच्या पाण्याचे स्फटिक फुग्याच्या बारीक वाटेत अडकले तर नळी काढताना फुगा रिकामा होत नाही.

आकार फ्रेंच ह्या मापात लिहितात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग, म्हणजे १६ ची नळी बाहेरून सुमारे ५.३ मिमी जाड. कडेने गळतंय म्हणून १८, मग २० असं वाढवत नेणं ही सर्रास होणारी चूक आहे. गळण्याचं कारण बहुतेक वेळा तुंबणं, बद्धकोष्ठ किंवा मूत्राशयाचे आकुंचन-झटके हे असतं. जाड नळी आणि मोठा फुगा मूत्राशयाला आणखी चिडवतात, मूत्रमार्ग सैल करतात आणि गळणं वाढतं. झटक्यांवर औषध असतं, ते डॉक्टर देतील.

चांदीचा लेप असलेल्या महागड्या नळ्यांबद्दल खूप विचारणा होते. ब्रिटनमध्ये ७,००० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, थोड्या दिवसांसाठी नळी घातलेल्या रुग्णांत अशा नळ्यांनी संसर्ग कमी झालेला दिसला नाही. पैसा तिथे घालू नका.

७. लघवीची तपासणी आणि अँटिबायोटिक

लक्षणं नसताना लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीला, पाठवू नका. जंतू येणारच, रिपोर्ट हातात आला की गोळ्या सुरू होणारच, आणि रुग्णाचं काही भलं होणार नाही. एका आजींना सहा महिन्यांत पाच वेळा अँटिबायोटिक मिळालं होतं, पाचही वेळा ताप नव्हता, फक्त लघवी गढूळ होती. सहाव्यांदा खरा ताप आला तेव्हा रिपोर्टमध्ये तोंडाने घ्यायचं एकही औषध चालणारं उरलं नव्हतं आणि शिरेतून औषधासाठी त्यांना दवाखान्यात राहावं लागलं. त्या आठवणीने मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे मी प्रत्येक घरी बसून समजावते. ह्याला अपवाद आहेत, जसं की गरोदरपण किंवा मूत्रमार्गातली शस्त्रक्रिया व्हायची असणं. ते डॉक्टर ठरवतील.

संसर्गाची खरी लक्षणं असतील तर क्रम महत्त्वाचा. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी ती बदलायची, मग नव्या नळीतून लघवीचा नमुना घ्यायचा, मग औषध. जुन्या नळीतला नमुना तिच्या थरातले जंतू दाखवतो, मूत्राशयात त्रास देणारे तेच असतील असं नाही. शिवाय जुनी नळी आत ठेवून औषध दिलं तर जंतूंचं घर शाबूत राहतं. पिशवीतली लघवी कधीच पाठवू नका. ती तासन्‌तास साठलेली असते आणि त्यात जंतू वाढलेले असतात. काढलेल्या नळीचं टोक कापून पाठवणंही निरुपयोगी. रुग्ण फार आजारी असेल तर मात्र नळी बदलायची वाट पाहत औषध लांबवू नये, तो निर्णय दवाखान्यातच होऊ द्या.

संसर्ग होऊ नये म्हणून रोज एक गोळी, असं आपल्या मनाने सुरू करू नका. नळी बदलल्यावर दर वेळी ताप येत असेल तर तसं डॉक्टरांना नक्की सांगा, अशा ठरावीक रुग्णांना बदलण्याच्या वेळेपुरतं औषध देता येतं.

८. सगळं करूनही लवकर तुंबते: खडा शोधा

अर्धांगवायू झालेल्या एका निवृत्त शिक्षकांची नळी दर अकराव्या दिवशी बंद पडायची. पाणी, पोट, नळीचा प्रकार, सगळं पाहून झालं होतं. त्यांच्या पत्नीने ठेवलेली वही घेऊन ते मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेले, सोनोग्राफीत मूत्राशयात खडे दिसले. खडे काढल्यावर नळी सात आठवडे चालली.

खड्याच्या आत प्रोटियस सुरक्षित बसलेला असतो. नळी बदलली की तो खड्यातून निघून नवीन नळीवर चढतो, आणि खडा आहे तोवर गोळ्यांनी तो जात नाही. म्हणून प्रत्येक नवी नळी काही दिवसांतच करकरीत होत असेल, लघवीत वाळू किंवा कवचासारखे तुकडे येत असतील, फुगा फुटून नळी आपोआप बाहेर येत असेल, तर घरच्या उपायांची हद्द संपली. सोनोग्राफीत बारीक खडे कधी निसटतात, त्यामुळे दुर्बिणीतून मूत्राशय पाहण्याचा सल्ला मिळाला तर घाबरून टाळू नका. सायट्रिक आम्लाच्या द्रावाने मूत्राशय धुण्याचा मार्गही काही रुग्णांत वापरतात. तो फक्त डॉक्टरांच्या लेखी सूचनेने आणि शिकलेल्या हातांनी.

नळी काढताना अडकतेय, फुगा रिकामा होत नाहीये, तर ओढू नका आणि नळी कात्रीने कापूही नका. नळीच्या बाहेरच्या अंगाला साठलेल्या स्फटिकांनी मूत्रमार्ग ओरबाडला जातो, आणि कापलेली नळी आत सरकली तर ती काढायला शस्त्रक्रिया लागू शकते. हे काम दवाखान्याचं.

९. नळी हवीच आहे का

हा प्रश्न खरं तर पहिला, पण उत्तर डॉक्टरांकडेच असतं म्हणून शेवटी घेतला. नळी ज्या कारणाने घातली ते कारण अजून आहे का? शस्त्रक्रियेनंतर घातलेली नळी कुणी विचारलंच नाही म्हणून महिनोन्‌महिने राहिलेली मी पाहिली आहे. नळी नसेल तर तिच्यावरचा थरही नाही, इतका खात्रीचा दुसरा उपाय मला माहीत नाही. ठरावीक वेळाने घालून काढायची नळी, पुरुषांसाठी बाहेरून चढवायची कंडोमसारखी नळी, असे पर्याय काही रुग्णांना चालतात. मूत्राशयाची साठवण चांगली असेल तर पिशवीऐवजी झडप लावून ठरावीक वेळाने लघवी सोडता येते, आणि भरून एकदम वाहणाऱ्या धारेने गाळ धुतला जातो. पोटातून घातलेल्या नळीने मूत्रमार्गाची इजा टळते, पण थर तिच्यावरही बसतो. त्यामुळे तुंबण्याचा प्रश्न तिने सुटेल ही अपेक्षा धरून ती निवडू नका.

तज्ज्ञांकडे जाताना वही न्या, शेवटच्या दोन काढलेल्या नळ्यांच्या टोकांचे फोटो न्या, सामूच्या नोंदी, आणि गेल्या वर्षभरात दिलेल्या सगळ्या अँटिबायोटिकची नावं व तारखा. नळी नेमकी कोणत्या दिवशी आणि कशासाठी घातली होती, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.